साचे ओल्डमचे, हिशेब मुंबईचा

1843 साली ब्रिटिश पार्लमेंटने कापडधंद्यातील यंत्रे देशाबाहेर पाठवण्यावरची बंदी उठवली, आणि त्यानंतरच्या अर्धशतकात लँकेशायरमधील ओल्डम गावच्या प्लॅट ब्रदर्स या कारखान्याची सूतकताईची यंत्रे रशियापासून जपानपर्यंत आणि मुंबईपासून मेक्सिकोपर्यंत, जिथे कापूस आणि भांडवल यांची गाठ पडू शकत होती अशा जवळजवळ प्रत्येक ठिकाणी जाऊन उभी राहिली. एकाच कारखान्यातून, एकाच आराखड्याप्रमाणे तयार झालेली, बहुधा एकाच गावच्या मिस्त्रींनी जोडून दिलेली ही यंत्रे असल्याने त्यांच्यापासून निघणारा मालही सगळीकडे साधारण सारखाच निघेल, अशी अपेक्षा करण्यास हरकत नव्हती. यंत्रापुरती ती अपेक्षा बऱ्याच अंशी खरीही ठरली, कारण एका चातीवर तासाला निघणाऱ्या सुताचे वजन देशोदेशी फार वेगळे नव्हते. फरक पडला तो त्या यंत्रांभोवती उभ्या असलेल्या माणसांच्या संख्येत. अर्थशास्त्राच्या इतिहासाचे अभ्यासक ग्रेगरी क्लार्क यांनी 1987 साली मांडलेल्या हिशेबानुसार, 1910च्या सुमारास अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या गिरणीतला एक कामगार जेवढे काम उरकत असे, तेवढ्यासाठी इंग्लंडमध्ये दीड, जर्मनीत सव्वादोनच्या आसपास, आणि हिंदुस्थान, चीन, जपान व ग्रीस या देशांत जवळजवळ सहा माणसे लागत होती.

या यादीत हिंदुस्थान आणि जपान एकाच पायरीवर आहेत, ही गोष्ट या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत जपानी गिरण्यांतील दरडोई उत्पादन अनेक पटींनी वाढले, मुंबईचे मात्र जेमतेम हलले, आणि 1933च्या सुमारास सुती कापडाच्या निर्यातीत जपानने खुद्द लँकेशायरला मागे टाकले. दोन्हीकडची सुरुवातीची यंत्रे तीच, मजुरीचे दर दोन्हीकडे कमी, आणि कापूस तर जपानला बराचसा मुंबई बंदरातूनच जात असे. तेव्हा ही तफावत कुठून आली याचा शोध यंत्रांच्या तपशिलात लागणे कठीण आहे. तो यंत्रे कोणी घेतली, कोणत्या कराराने घेतली, ती चालवण्याचे ज्ञान कोणाकडे होते आणि माणसे कोण भरती करत होते या प्रश्नांच्या उत्तरांत शोधावा लागतो.

मुंबईतील पहिल्या यशस्वी सूतगिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्याने 1854 साली स्थापन केली आणि ताडदेव येथे 1856च्या फेब्रुवारीत तिचे काम सुरू झाले. यंत्रे इंग्लंडहून आली आणि ती चालवणारे मास्तर, म्हणजे खात्याचे तांत्रिक प्रमुख, तेही इंग्लंडहूनच आले. दावर, पेटिट, टाटा, ससून, ठाकरसी ही मुंबईच्या गिरणी इतिहासातील नावे मुळात व्यापाऱ्यांची आहेत. चीनशी चालणारा अफूचा व कापसाचा व्यापार, आणि 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाला आलेला सोन्याचा भाव, यांतून साठलेले भांडवल गिरण्यांकडे वळले. 1865 साली ती तेजी कोसळली, तिच्यात अनेक घराणी बुडाली, पण त्या धक्क्यातून व्यापारी वर्गाने एक धडा मात्र पक्का गिरवला: पैसा एका जागी फार काळ अडकवून ठेवायचा नाही. मुंबईच्या गिरण्यांची पुढची अनेक वर्षांची धाटणी या सावधपणातून घडली असे मानण्यास भरपूर जागा आहे.

ही धाटणी तांत्रिकदृष्ट्या मागासलेली होती, हा समज मात्र काढून टाकला पाहिजे. कताईच्या यंत्रांचे त्या काळी दोन मुख्य प्रकार होते. म्यूल या जुन्या यंत्रात चात्यांचा गाडा पुढे-मागे सरकत धागा ओढतो आणि मग पीळ देतो. त्यावर बारीक व मऊ सूत चांगले निघते, पण ते चालवायला वर्षानुवर्षे मुरलेला कारागीर लागतो. रिंग या नव्या यंत्रात ओढणे, पीळ देणे आणि गुंडाळणे अखंड चालते. कामगाराला मुख्यतः तुटलेली तार जोडणे आणि भरलेल्या बॉबिना उतरवणे एवढेच काम राहते, त्यामुळे थोड्या दिवसांत शिकवलेली माणसेही ते सांभाळू शकतात. लँकेशायरने म्यूलचा हात सोडला नाही, इतका की पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरही तिथल्या चारांपैकी तीनांहून अधिक चात्या म्यूलच्याच होत्या. याउलट जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये 1880च्या दशकातच रिंगचे प्रयोग झाले, आणि मुंबईनेही जाड्या नंबरच्या सुतासाठी रिंग लवकर स्वीकारली. नवे विलायती यंत्र ओळखण्यात आणि ते मागवण्यात मुंबईचा मालक कमी पडला नाही.

कमी कुठे पडले हे समजण्यासाठी गिरणीतील उत्पादकता प्रत्यक्ष कशी ठरते ते पाहणे आवश्यक आहे. रिंगखात्यात काम करणाऱ्या माणसाचा वेळ मुख्यतः तुटलेले धागे जोडण्यात जातो. धागा किती वेळा तुटतो हे कापसाच्या तंतूच्या लांबीवर, पिंजण्याच्या व साफ करण्याच्या कामावर, खात्यातील हवेच्या दमटपणावर आणि यंत्राच्या वेगावर अवलंबून असते. धागे कमी तुटत असतील तर एक माणूस यंत्राच्या दोन्ही बाजू, किंवा दोन यंत्रेही, सांभाळू शकतो. खूप तुटत असतील तर एकाच बाजूने त्याचा जीव मेटाकुटीला येतो. मागखात्यातही तेच: धोट्यातील सूत संपणे, ताण्याची तार तुटणे, या घटनांची वारंवारता जितकी अधिक, तितके एका विणकराकडे साचे, म्हणजे माग, कमी. मुंबईत 1920च्या दशकापर्यंत एका विणकराकडे दोन साचे आणि कताईवाल्याकडे रिंगची एक बाजू हा सर्वसाधारण रिवाज होता. हा रिवाज कामगाराच्या आळसाचे माप आहे, असे तेव्हाचे मालक आणि काही इंग्रज निरीक्षक सहज बोलून जात. पण ज्या गिरणीत स्वस्त, आखूड तंतूचा कापूस त्याच्या ताकदीपेक्षा बारीक नंबरासाठी ओढला जातो, तिथे तार तुटण्याचा हिशेब कामगाराच्या हातात नसतो. तो कापूस खरेदी करणाऱ्याच्या हातात असतो.

कापूस खरेदी करणारा, यंत्रांची ऑर्डर देणारा आणि सूत विकणारा माणूस म्हणजे मॅनेजिंग एजंट. ही व्यवस्था हिंदुस्थानी उद्योगाच्या इतिहासात फार खोल रुजलेली आहे. गिरणी ही भागधारकांची कंपनी असे, पण तिचा कारभार दीर्घ मुदतीच्या कराराने एखाद्या पेढीकडे सोपवलेला असे, आणि ती पेढी बहुधा गिरणी काढणाऱ्या घराण्याचीच असे. मुंबईत सुरुवातीच्या काळात एजंटाचे कमिशन उत्पादनाच्या वजनावर ठरलेले होते, साधारणपणे दर पौंड सुताला पाव आणा, म्हणजे तीन पै. नफा होवो वा तोटा, सूत विकले जावो वा गोदामात पडो, गिरणी चालली की एजंटाची पै वाढत जाई. अशा करारात धागे कमी तुटावेत म्हणून चांगला कापूस घ्यावा, माणसे कमी लावून मजुरी वाचवावी किंवा जुनी यंत्रे काढून टाकावीत यांची ओढ एजंटाला लागण्याचे कारण नव्हते. चात्या वाढवाव्यात आणि भोंगा वाजत राहावा एवढे त्याला पुरे होते. पुढे विक्रीवरचे आणि नंतर नफ्यावरचे कमिशन रूढ होत गेले, आणि टाटांच्या गिरण्यांनी ही नफ्याची पद्धत लवकर स्वीकारून वेगळा पायंडा पाडला, हे नोंदवले पाहिजे. तरीही कापूस, कोळसा आणि यंत्रसामग्री यांच्या खरेदीवरची दलाली अनेक एजंटांकडे राहिली. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत, साधारण 1922 पर्यंत, भागधारकांना भरघोस लाभांश वाटले गेले आणि राखीव निधी मात्र पुरेसा साठवला गेला नाही. जपानची स्पर्धा अंगावर आली तेव्हा यंत्रे बदलायला पैसा नव्हता.

ज्ञानाची बाजू याहून गुंतागुंतीची आहे. गिरणीच्या तांत्रिक जागांवर इंग्रज मास्तर दीर्घकाळ राहिले, नंतर त्यांच्या जागी पारशी व अन्य हिंदी तंत्रज्ञ हळूहळू येत गेले. 1887 साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटने कापडधंद्याचे शिक्षण देऊन या बदलाला मोठा हातभार लावला. पण मास्तर आणि कामगार यांच्यामध्ये भाषेचे, जातीचे आणि वर्गाचे जे अंतर होते, ते भरून काढणारी व्यक्ती शाळेतून आलेली नव्हती. ती म्हणजे जॉबर, ज्याला मुंबईत मुकादमही म्हणत, आणि स्त्रियांच्या खात्यात नायकीण. जॉबर यंत्राची दुरुस्ती करी, कामगारांना काम शिकवी, हजेरीवर नजर ठेवी, आणि मुख्य म्हणजे माणसे भरती करी व काढून टाकी. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेला माणूस आधी आपल्या गावच्या किंवा नात्यातल्या जॉबरच्या आधाराने खाणावळीत किंवा चाळीच्या गाळ्यात टेके, मग बदली म्हणून गिरणीच्या दारात उभा राहून खाडा करणाऱ्याच्या जागेची वाट पाही, आणि काम मिळाले की जॉबरला दस्तुरी, म्हणजे दलाली, देई. 1929 साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने या पद्धतीवर कडक टीका केली.

या टीकेत तथ्य आहे. पण जॉबरला सगळ्या दुखण्याचे मूळ ठरवणे ही मालकवर्गाची सोयीची समजूत होती. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांच्या संशोधनाने दाखवले आहे की जॉबरची सत्ता अमर्याद नव्हती, ती त्याच्या वस्तीतील प्रतिष्ठेवर, कामगारांच्या मर्जीवर आणि गिरणीच्या गरजेवर उभी होती, आणि मालकांनी ही पद्धत टिकवली कारण ती त्यांना परवडत होती. सुताची मागणी चीनच्या बाजारातील चढउतारांवर हेलकावत असताना, मंदीत माणसे कमी करायची आणि तेजीत दारातूनच उचलून घ्यायची, ही लवचीकता जॉबर आणि बदली कामगार यांच्याशिवाय मिळाली नसती. तिची किंमत अशी की गिरणीच्या व्यवस्थापनाला आपल्याच खात्यात कोण किती काम करतो याचा नेमका हिशेब कधी लागला नाही. प्रत्येक गिरणीचे मजुरीचे दर वेगळे, एकाच कामाची नावे वेगळी, आणि हे दर सगळ्या मुंबईसाठी एकसारखे व्हायला 1947 साल उजाडावे लागले.

जपानमध्ये याच यंत्रांभोवती वेगळी घडण झाली. उद्योगपती शिबुसावा एइइची यांनी 1882 साली ओसाका स्पिनिंग कंपनी स्थापन केली तेव्हा त्यांनी लंडनमध्ये शिकत असलेल्या यामानोबे ताकेओ या तरुणाला गिरणी तंत्राकडे वळवले. त्याने लंडनमध्ये यंत्रविद्येचा अभ्यास करून ब्लॅकबर्नच्या गिरणीत प्रत्यक्ष काम केले आणि परत येऊन साडेदहा हजार चात्यांची गिरणी उभारली. यंत्रे प्लॅट ब्रदर्सचीच, आणि तीही म्यूल. भांडवल महाग आणि मजूर स्वस्त असल्याने यंत्र रात्रीही रिकामे राहू द्यायचे नाही, असा निर्णय झाला, आणि 1886 साली विजेचे दिवे लावून रात्रपाळी पक्की केली गेली. 1889 नंतर नव्या जपानी गिरण्यांनी जवळजवळ एकमुखाने रिंगची निवड केली. हा एकमुखीपणा योगायोगाने आला नव्हता. तोक्यो येथे 1873 साली सरकारने काढलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर गिरण्यांत शिरत होते. किकुची क्योझो हा त्यांपैकी एक अभियंता एकाच वेळी तीन गिरण्यांचा तांत्रिक प्रमुख होता आणि त्याने मँचेस्टरला जाऊन पाहिलेले ज्ञान तिन्हीकडे वापरले. गिरणीवाल्यांचा संघ दरमहा मासिक काढून प्रत्येक गिरणीच्या चात्या, उत्पादन, मजूर आणि मजुरी यांचे आकडे छापत असे, म्हणजे एका गिरणीतील सुधारणा दुसरीला महिन्याभरात कळे. मुंबईच्या मालकांचा संघ 1875 सालापासून होता, पण त्याचे बळ मुख्यतः जकाती, अबकारी आणि फॅक्टरी कायद्यांविरुद्ध अर्ज-विनंत्या करण्यात खर्ची पडले. त्यालाही कारण होते, हे पुढे येईल.

दोन संघांतील फरक 1893 साली एका वेगळ्याच मैदानावर उघड झाला. मुंबईहून जपानला कापूस आणि चीनला सूत नेण्याची मक्तेदारी पी. अँड ओ. या ब्रिटिश जहाज कंपनीच्या गटाकडे होती आणि भाडे फार चढे होते. जमशेटजी टाटा स्वतः जपानला गेले, आणि निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीशी करार करून मुंबई-जपान जलमार्ग सुरू झाला. त्यात टाटांनी भाड्याने घेतलेली जहाजेही होती. पी. अँड ओ. ने भाडे पाडून आणि व्यापाऱ्यांना सवलती देऊन लढाई सुरू करताच मुंबईचे माल पाठवणारे स्वस्त भाड्याकडे वळले आणि टाटांची जहाजे बंद पडली. जपानी गिरणी संघाने मात्र आपल्या सभासदांचा कापूस ठरलेल्या जहाजांनीच आणण्याचे वचन पाळले, आणि जपानी कंपनीचा तो मार्ग टिकला. मुंबईचा व्यापारी अधिक स्वार्थी होता असा निष्कर्ष यातून निघत नाही, कारण सुटे सुटे वागणाऱ्याला स्वस्त भाडे नाकारणे कोणत्याही देशात परवडत नाही. संघाला सभासदांना बांधून ठेवता येत होते की नाही, एवढाच प्रश्न होता.

सरकारचे वागणेही दोन टोकांचे होते. जपानने 1894 साली सुतावरचा निर्यात कर काढला, 1896 साली कापसावरचा आयात कर काढला, आणि 1897 साली त्या देशाची सुताची निर्यात आयातीपेक्षा जास्त झाली. त्याच काळात, 1893 साली, हिंदुस्थान सरकारने टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद करून रुपयाची किंमत वर नेली, त्यामुळे चांदीचे चलन असलेल्या चीनमध्ये मुंबईचे सूत महागले. आणि 1896 साली लँकेशायरच्या आग्रहाखातर विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात जकात ठेवताना हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावरही तेवढीच अबकारी बसवली, जी 1925-26 पर्यंत चालू राहिली. 1896 सालीच मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि हजारो कामगार गावी पळाले. मालक संघाचा वेळ अर्ज-विनंत्यांत का गेला, ते यावरून समजते. सरकार परके असणे याचा उत्पादकतेशी संबंध इथे फार थेट आहे: परक्या सरकारला मुंबईच्या गिरण्यांची भरभराट नको होती असे नव्हे, पण लँकेशायरची मते पार्लमेंटमध्ये मोजली जात होती आणि मुंबईच्या गिरणी वस्तीची, परळची, मोजली जात नव्हती.

सर्वांत अवघड प्रश्न राहतो तो माणसांचा. 1920च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे दीड लाख कामगार होते, त्यांपैकी स्त्रिया पंचमांशाच्या आसपास. जपानी गिरण्यांत सुमारे चार पंचमांश कामगार स्त्रिया होत्या, त्याही बहुतांश अविवाहित मुली, खेड्यांतून वडिलांना उचल देऊन करारावर आणलेल्या आणि गिरणीच्या आवारातील वसतिगृहांत जवळजवळ कोंडून ठेवलेल्या. त्या दोन-तीन वर्षे काम करून, पुष्कळदा क्षयाने खंगून, गावी परतत. 1925 साली प्रसिद्ध झालेल्या होसोई वाकिझो यांच्या पुस्तकाने त्यांच्या हालांची कहाणी जपानी वाचकांसमोर मांडली. अर्थशास्त्राच्या इतिहासाच्या अभ्यासक सुसान वॉलकॉट यांनी या फरकावर नेमके बोट ठेवले आहे. ज्या मुलीला दोन वर्षांनी गिरणी सोडायचीच आहे, तिला पुढल्या वर्षी दोघींऐवजी एकीलाच तेवढी यंत्रे दिली जाणार असल्याचे फार सोयरसुतक नसते, आणि भरती थांबवली की माणसांची संख्या आपोआप घटते. कोणाला काढावे लागत नाही. मुंबईचा विणकर मात्र पस्तिशीचा, घरी पैसे पाठवणारा, मुलाला किंवा भाच्याला त्याच खात्यात चिकटवण्याची आस धरणारा असे. त्याच्या दोन साच्यांचे तीन झाले, की तिघांपैकी एकाच्या घरची चूल विझणार, हा हिशेब त्याला कोणा पुढाऱ्याने समजावून देण्याची गरज नव्हती.

1928 साली हेच घडले. ससून समूहाच्या गिरण्यांत तीन साचे आणि रिंगच्या दोन बाजू देण्याची कार्यक्षमतेची योजना सुरू झाली, आणि मजुरीकपातीच्या इतर तक्रारींबरोबर ती एप्रिल ते ऑक्टोबर चाललेल्या सार्वत्रिक संपाचे एक प्रमुख कारण ठरली. याच संपातून गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावट्याची संघटना, उभी राहिली. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने कार्यक्षमतेची योजना तत्त्वतः मान्य केली, पण कापसाची प्रत, यंत्रांची स्थिती आणि हवेचा दमटपणा सुधारल्याशिवाय ती न्याय्य होणार नाही, या कामगारांच्या म्हणण्यातही सार होते. मालकाने वाचलेल्या मजुरीतून कामगाराला किती वाटा द्यायचा याचा विश्वासार्ह करार करू शकेल असा पक्ष दोन्ही बाजूंना नव्हता: एकीकडे प्रत्येक एजंटाचे दर वेगळे, दुसरीकडे 1926 पर्यंत कायद्याने मान्यताच नसलेल्या कामगार संघटना. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 साली रविवारची सुटी मिळवून दिल्यापासून कामगारांची ताकद अनेकदा दिसली होती, 1908 साली टिळकांच्या शिक्षेविरुद्ध सहा दिवस गिरण्या बंद पडल्या तेव्हाही ती दिसली, परंतु मागणी मांडणारी ताकद आणि करार निभावणारी संस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संस्थांवर सगळा भार टाकणाऱ्या या युक्तिवादाला अहमदाबादची एक अडचण आहे, आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. तिथेही मॅनेजिंग एजंट होते, जॉबर होते, तेच परके सरकार होते, तरीही 1920 व 1930च्या दशकांत अहमदाबाद वाढत राहिले आणि मुंबई अडखळली. 1918च्या संपात गांधीजींनी घालून दिलेली लवादाची पद्धत आणि 1920 साली स्थापन झालेली मजूर महाजन ही कामगार संघटना यांचा त्यात वाटा असावा. पण अहमदाबादने बारीक नंबरच्या कापडाकडे वळून जपानी मालाशी थेट गाठ टाळली, आणि देशांतर्गत बाजार त्याला जवळचा होता, हे वाटेही तितकेच मोठे असावेत. मुंबई चीनच्या बाजारावर वाढली होती आणि तो बाजार गेल्यावर तिला नव्याने पाय रोवावे लागले.

दरम्यान परदेशी तंत्राची गंगा उलटी वाहू लागली होती. जपानी संशोधक साकिची तोयोदा यांनी 1924 साली पूर्ण केलेला स्वयंचलित माग, ज्यात धोट्यातील सूत संपले की माग न थांबता धोटा बदलला जाई आणि ताण्याची तार तुटली की माग आपोआप थांबे, एका विणकरणीला कित्येक माग सांभाळू देत असे. 1929 साली त्याचे हक्क एक लाख पौंड देऊन विकत घेणारी कंपनी होती ओल्डमची प्लॅट ब्रदर्स. त्याच वर्षी जपानने स्त्रियांची रात्रपाळी बंद केली. जपानी रात्रपाळीमुळे स्पर्धा अन्याय्य होते, ही मुंबईच्या मालकांची तक्रार 1927च्या टॅरिफ बोर्डाने मान्य केली होती; ती रात्रपाळी संपल्यावरही जपानी कापड स्वस्तच राहिले, आणि 1933 साली हिंदुस्थान सरकारने त्यावर पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत जकात बसवली. जकातीने बाजार वाचला, पण साच्यांचा प्रश्न तिथेच राहिला.

स्वातंत्र्यानंतर सरकारने रोजगार राखण्यासाठी गिरण्यांच्या मागांची संख्या 1956 पासून गोठवली आणि स्वयंचलित मागांवर मर्यादा घातल्या, तेव्हा वाढणारी मागणी गिरण्यांबाहेर गेली. गिरण्यांनी मोडीत काढलेले लँकेशायरचे साधे माग भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी येथील यंत्रमागवाल्यांनी विकत घेतले. परळमध्ये दोनांचे तीन होऊ नयेत म्हणून ज्यांच्यासाठी संप झाले, तेच साचे तिथे बारा तासांच्या पाळीत एकेक कामगार चार-चार, सहा-सहा चालवू लागला. मजुरी मीटरवर, हजेरीपट बहुधा नावापुरता आणि युनियन क्वचितच. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा त्यांतील आणखी काही यंत्रसामग्री त्याच वाटेने यंत्रमागांच्या गावांकडे गेली.